ठोकळा नव्व्याण्णव भरला

४ मे

बाबा,

वर तीर्थरूप वगैरे लिहायचं शाळेत शिकवलं होतं, पण दोन वर्षांत सवय मोडली, तेव्हा नुसतंच बाबा. पत्र तुम्हाला आहे, तरी तुमच्या कानांत ते रेडिओच्या, म्हणजे आपल्या बडबड्या धाकटीच्या, तोंडून जाणार हे मला माहीत आहे. तुम्हाला जवळचं दिसत नाही आणि चष्मा बदलायला वेळ नाही. तेव्हा रेडिओ, नीट वाच. पदरचं काही घालू नकोस. आणि आईला म्हणावं, भांडी ठेव नि बस जरा.

पत्ता बघून दचकला असाल. मी एका ओतकामाच्या कारखान्यात आहे. हो, बिडाच्या. ज्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं, तिथेच येऊन टेकलो. आधी ट्रकवर होतो, मग बोटींचा जुना रंग खरवडत होतो, मग एका खानावळीत, तिथे मालकाशी जमलं नाही. आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. भिंगरीचं निदान एक टोक तरी जमिनीला टेकलेलं असतं. इथे मी ड्रॉइंगच्या खोलीत बसतो. टेबल आहे, खिडकी आहे, खिडकीत एक कबूतर येतं ते एका पायाने लंगडं आहे. कबुतराचं नंतर सांगेन.

लिहितोय ते रेडिओच्या पत्रामुळे, जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत ते इथे पोचलं. तिला म्हणे कॉलेजात जायचं नाही, तंत्रशाळेत जायचंय, आणि तिथेही लाकडी नमुने करायच्या वर्गात. म्हणजे तुमचाच धंदा. ओतायच्या वस्तूचा आधी लाकडात नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, साच्यात बिडाचं लोखंड ओतायचं. ही पोरगी भुसा अंगावर उडाला तर शिंकून घर डोक्यावर घेते. पण तुम्ही तिच्याशी माझ्याशी केला तसाच सौदा केलात असं कळलं. बारा जूनच्या हातचाचणीत पास झाली तर तंत्रशाळा. नापास झाली तर गुपचूप विद्यापीठाचा फॉर्म, त्याची मुदत वीस जून.

मी काय सांगणार. मी दोन्हीकडचा नापास. पण चाचणीला आपापली पट्टी न्यावी लागते, हे रेडिओला माहीत असू दे. माझ्या वेळी सकाळी दारात तुम्ही तुमची स्टीलची पट्टी स्वतःहून माझ्या हातात दिलीत. तुमच्या पेटीला हात लावायची आम्हाला बंदी. आणि त्या पेटीतली पट्टी तुम्ही देताय. मी ती शर्टाच्या आत पोटाशी धरून नेली, थंडगार लागत होती.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. आत गेल्यावर पहिल्या टेबलावर एक ठोकळा, बरोबर शंभर मिलिमीटरचा. आपली पट्टी त्यावर लावून तपासायची, फरक वाटला तर कागदावर लिहायचं. माझ्या पट्टीवर ठोकळा नव्व्याण्णव भरला. मी लिहिलं: पट्टी बरोबर आहे, ठोकळा एक मिलिमीटर कमी आहे, बदलावा. मग दिलेल्या मापाची लाकडं कापली. एकूण एक तुकडा लांब. परीक्षकाने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. घरी ते "मोजता येईना ठोकळा वाकडा" झालं. मामा अजून तेच म्हणतो. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली होती.

तुम्ही तेवढे हसला नव्हतात. मला वाटलं, माझी लाज वाटली तुम्हाला.

बरं आहे. पट्टी अजून माझ्याकडेच आहे. घर सोडताना तेवढी उचलली होती.

तुमचा,
साहेब (तुम्हीच ठेवलेलं नाव)


१६ मे

बाबा,

हे पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. टेबलावर भिंग असतं असं तुम्हीच सांगायचात, त्याखाली धरून स्वतः वाचा. कुणाला वाचायला देऊ नका. रेडिओला तर नाहीच.

आधी एक खोटं दुरुस्त करतो. मी ड्रॉइंगच्या खोलीत बसत नाही. मी वाळू चाळतो. ओतलेल्या वस्तूवरची जळकी वाळू झोडून काढायची, चाळायची, परत ढिगावर टाकायची. कबूतर मात्र खरं आहे.

माझ्या खोलीच्या खिडकीची काच फुटली. खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. काच कशी फुटली ते सांगत बसलो तर दोन पानं जातील, त्यात मालकीणबाईंचं मांजर आहे आणि चूक मांजराचीच आहे. म्हणून चौकट मोजली. तुमच्या पट्टीने. सहाशे भरली. काचवाल्याने सहाशेची काच कापून दिली. बसवायला गेलो तर एका बाजूने धरली की दुसऱ्या बाजूने निसटते. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने खाली सायकलवाल्याच्या पत्र्यावर. मी काचवाल्याशी जाऊन भांडलो. तो बिचारा टेप घेऊन जिना चढून आला, चौकट मोजली, म्हणाला, सहाशे सहा आहे दादा, पट्टी बदला. मी म्हणालो, तू टेप बदल, ही पट्टी माझ्या बापाची आहे, तीस वर्षं हिच्यावर पोट भरलंय त्याने.

बघा. चार वर्षांनी दुसऱ्यांदा.

इथे तुमच्याच कामाचा एक म्हातारा आहे. सगळे त्याला काटकोन म्हणतात, कारण तो बसतोही ताठ आणि बोलतोही ताठ. त्याला मी पट्टी दाखवली, म्हटलं, तुम्हीच सांगा कोण खोटं. त्याने ती नुसती हातात घेतली आणि हसायलाच लागला. "हिने घराची काच मोजलीस? अरे ही बिडाची पट्टी आहे."

मग त्याने समजावलं. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, शंभरात एक. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा. दर मापाला आकडेमोड नको म्हणून पट्टीच लांब बनवलेली असते. हिच्यावरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक. पितळेची वेगळी, ती याहून लांब. ॲल्युमिनियमची वेगळी. नमुना करणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत असतात आणि टोकाला कशाची आहे ती खूण कोरलेली असते.

मी म्हटलं, हिच्यावर खूण नाही.

त्याने तेलाचा बोळा घेतला आणि टोक पुसलं. खूण होती, बाबा. कानस मारून घालवलेली. एका अंकाची शेपटी राहिलीय अजून. काटकोन म्हणाला, "ज्याने घासली त्याला कानस चालवता येते. एकाच दिशेने, एका दमात घासलंय." कौतुकाने म्हणाला. त्याला काय माहीत.

मला एवढंच विचारायचंय. पट्टी चुकून दिलीत का? दारात घाई होती, पेटीत अंधार होता, हाताला लागली ती दिलीत. असं लिहा. मी मानेन. खूण आधीपासूनच गेलेली होती असंही लिहा, तेही मानेन.


३० मे

बाबा,

तुमचं पत्र आलं. चारच वाक्यं, ती मला पाठ झाली आहेत. "पट्टी मीच दिली. खूण मीच घासली. ठोकळ्यावर लावल्यावर तुला कळायला हवं होतं. कळलं असतं तर जाऊ दिलं असतं."

मी हे वाळूच्या ढिगावर बसून वाचलं. मुकादम ओरडून गेला, तरी उठलो नाही.

कळायला हवं होतं. कसं? मी अकरा वर्षांचा असताना तुमच्या पेटीला हात लावला, तेव्हा तुम्ही झाकण माझ्या बोटांवर पाडलंत. नख काळं झालं होतं, आई हळद लावायची. कारखान्याच्या फाटकाच्या आत मला पाऊल टाकू दिलं नाहीत, डबा द्यायला आलो तर रखवालदाराकडे ठेवून परत जायचो. ज्या पेटीचं झाकण बोटांवर पडलं, त्या पेटीत कुठली पट्टी काय आहे ते मी ओळखायचं होतं. ही कसली परीक्षा. तंत्रशाळेची निदान कागदावर तरी होती.

आणि ठोकळ्याचं म्हणाल तर मला त्या टेबलापाशी दोनच गोष्टी सुचण्यासारख्या होत्या. एक तर ठोकळा खोटा, नाही तर तुम्ही. मी ठोकळा निवडला. घर सोडेपर्यंत मामाने दोन वर्षं मला त्यावरून छळलं आणि तुम्ही समोर बसून घास गिळत होतात.

तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत, ती करवतीने नेली, हे मी विसरलेलो नाही. खोकल्याचंही नाही. पोराने यात पडू नये असं वाटणं मला समजतं. मग तसं म्हणायचं होतं. नाही जायचं म्हणजे नाही, म्हणून दार लावायचं. मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, मग जेवलो असतो. तुम्ही नाही म्हटलं नाहीत. तुम्ही हो म्हटलंत, पाठीवर हात ठेवलात आणि मला माझ्याच हातांनी नापास करवलंत.

कॉलेज का सोडलं ते तुम्ही कधी विचारलं नाही. सगळ्यांना सांगत सुटलात, साहेबांचं डोकं फिरलं. आता सांगतो. पेपरात उत्तर यायचं. मग वाटायचं, आपलं माप लांब असतं. खोडायचं. परत काढायचं, परत तेच यायचं, परत खोडायचं. तीन तासांत दोन प्रश्न. शेजारचा पोरगा म्हणायचा, अरे बरोबर आहे ना, मग खोडतोस कशाला. मी त्याला म्हणायचो, माझी नजरच तशी आहे. परीक्षकाने माझ्या कागदावर तेच लिहिलं होतं ना, "नजरेत दोष". दोन वर्षं असं केल्यावर एक दिवस हॉलमधून उठलो, घरून तेवढी पट्टी उचलली आणि बसस्टँडवर गेलो. तिथे जी गाडी उभी होती ती धरली. त्या गाडीत एक माणूस पिंजऱ्यात कोंबड्या घेऊन बसला होता, आणि हे मी का लिहितोय. कोंबड्यांचा यात काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. रेडिओची चाचणी बाराला आहे. तुमच्या पेटीत अजून पितळेची पट्टी आहे, ॲल्युमिनियमची आहे. तिच्या हातात तुमची कुठलीच पट्टी द्यायची नाही. ती हाताने नापास झाली तर तिचं तिचं. कॉलेजात जाईल, वाईट काय आहे. पण पट्टीने नाही.

तुम्ही एवढं पाळा, मी तिला यातलं अक्षर सांगणार नाही. माझा बाप गेला तो गेला, तिचा तिला राहू दे. उगाच मोठेपणा करतोय असं नका समजू. घरात तुमच्याशी धड बोलणारी ती एकटीच आहे, ती गप्प झाली तर आईचं काय होईल असं मनात आलं.

हो की नाही, एवढंच कळवा.


८ जून

बाबा,

हे घरच्या पत्त्यावर आहे, म्हणजे वाचणारी ठरलेली. रेडिओ, घसा साफ कर.

सोबतच्या पुडक्यात पट्टी आहे. नवीन, स्टीलची, तीनशेची. रेडिओसाठी. मी ती इथल्या कारखान्याच्या ठोकळ्यावर लावून बघितली, बरोबर शंभर भरला. दोनदा बघितलं. काटकोनालाही दाखवली, त्याने मान हलवली, आणि तो मान हलवतो म्हणजे फार झालं. चाचणीला हीच घेऊन जा. दुसऱ्या कशानेही मोजू नकोस. का, विचारू नकोस, तुझ्या थोरल्या भावाची लहर समज.

लाकूड कापताना करवत रेघेच्या बाहेरून चालव, रेघेवरून नाही. रेघ शेवटी रंध्याने खायची. हे काटकोनाने सांगितलं. मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा, तुमचं "बरं" मिळालं. एकच शब्द, पण पुरला.

आई, इथे बरं चाललंय. खिडकीला काच बसली.


२४ जून

बाबा,

हेही घरच्या पत्त्यावर आहे. चुकून नाही.

आज माझी पट्टी टपालाने परत आली. सोबत चिठ्ठी. ती जशीच्या तशी उतरवतो, जिने लिहिली तिलाच परत वाचू दे.

"दादा, तुला दुकानदाराने फसवलं. तू पाठवलेली पट्टी आखूड आहे. चाचणीच्या सकाळी बाबांनी मला त्यांची पट्टी दिली, तेव्हा दोन्ही शेजारी लावून बघितल्या. तीनशेपाशी जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक! तू एवढ्या प्रेमाने पाठवलीस म्हणून बाबांसमोर काही बोलले नाही, पण अर्थात त्यांचीच नेली. ही परत देऊन बदलून घे. आणि एक गंमत सांगू? त्यांचे ठोकळे खरंच कमी असतात. मला तर साडेअठ्ठ्याण्णवच भरला. म्हणजे तेव्हा तुझंच खरं होतं, आपण उगाच हसत होतो. मी मात्र कागदावर लिहिलं नाही, तुझ्यासारखं हसं नको म्हणून गप्प बसले. पण लाकडं लांब आली माझी. सगळीच. बहुतेक आपल्या घरात नजरेतच काहीतरी आहे. वीस तारखेला विद्यापीठाचा फॉर्म भरून टाकला. बाबा काही बोलले नाहीत, उलट येताना मला नवीन दप्तर आणलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी रेडिओ."

वाचलंस?

आता पुढचं वाच. तिथेच बसून, त्यांच्या समोर, नेहमीच्या आवाजात. आईलाही बोलाव.

माझी पट्टी बरोबर होती. बाबांची लांब आहे. ती पितळेच्या ओतकामाची पट्टी आहे. पितळ थंड होताना शंभरात दीड आकसतं, म्हणून ती मुद्दाम तेवढी लांब बनवलेली असते. नमुने करायला ती बरोबर, बाकी जगातली एकही वस्तू तिने मोजायची नाही. टोकाला खूण असते. तुला दिली तिच्यावर खूण नसणार. टोकावर बोट फिरव, कानशीने घासलेलं लागेल. माझ्या वेळी बिडाची होती. त्या वेळी मला एकच मिलिमीटर दिला होता, तुझ्यासाठी दीड काढला.

हे मला महिन्याभरापूर्वी कळलं. मी बाबांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. तुला असं करू नका म्हणून मी लिहिलं, त्यावर ते "बरं" म्हणाले. हे "बरं" गेल्या पत्रात तू स्वतःच त्यांना वाचून दाखवलंस. मी तुला सांगितलं नाही. तुझा बाप तुला राहावा म्हणून सांगितलं नाही, आणि त्यांनी नेमकं तेच हत्यार केलं. तू दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यास, त्यातली एक खोटी हे तुला कळलं, आणि तू माझी खोटी ठरवलीस. ठरवणारच. मीही ठोकळा खोटा ठरवला होता. बाबांनी त्यावरच तर पैज लावली होती, दोन्ही वेळा.

यातली अर्धी चूक माझी आहे. नुसती पट्टी पाठवली, शब्द नाही पाठवला. ते माझं माझ्याकडे राहील.

तुझ्या नजरेत काही नाही. माझ्याही नव्हतं. अंगण वाकडंच होतं गं.

तंत्रशाळेची चाचणी पुढच्या जूनमध्ये परत आहे. कॉलेजात जायचं असेल तर जा, खुशाल जा, तुझं डोकं चांगलं आहे, पुस्तकं तुला आवडतात. पण आपल्याला मोजता येत नाही म्हणून जाऊ नकोस. तशा कारणाने गेलेला माणूस प्रत्येक उत्तर तीनदा खोडतो. मी सांगतो ना.

पट्टी परत पाठवली आहे, पुडक्यात बघ. आता त्यांची पट्टी माग. टेबलावर दोन्हींचे शून्य जुळवून ठेव आणि बोट शेवटपर्यंत ने. नंतर ठोकळा हवा असेल तर कुठल्याही कारखान्यात विचार, सगळीकडे शंभरचाच असतो.

बाबा, तुम्हाला मला काही लिहायचं असेल तर हिच्याकडून लिहून घ्या.

आणि रेडिओ, मध्येच थांबली असशील किंवा आवाज बारीक झाला असेल, तर मागे जा आणि पहिल्यापासून मोठ्याने वाच. त्यांना जवळचं दिसत नाही. ऐकू स्वच्छ येतं.